दोन फुटी रीफ टँकला संप: घ्यावा की नको?

रीफ टँक म्हणजे प्रवाळांचा, खाऱ्या पाण्याचा टँक. संप म्हणजे त्याच्या खाली कॅबिनेटमध्ये ठेवलेली दुसरी टाकी: वरचं पाणी पाइपाने तिच्यात उतरतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. निकाल आधीच सांगून टाकू. २४ बाय १८ बाय १८ इंचांच्या, म्हणजे ढोबळ ६० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरच्या टँकला संप लावायचाच असेल तर टँक नवा घेतानाच, काचेला भोकं पाडून घेऊन लावावा. चालू, भरलेल्या टँकच्या काठावर सायफन बॉक्स (उलट्या नळीने काठावरून पाणी ओढून घेणारा डबा) लटकवून संप जोडणं म्हणजे घरात पाणी घुसायची सोय करून ठेवणं. आणि टँक ८० लिटरच्या आतला असेल तर हा विषयच काढू नये. मागे कप्पे असलेला ऑल-इन-वन घ्यावा आणि वाचलेल्या पैशात चांगला लाइट घ्यावा.

हा सेट दोन तऱ्हांनी मिळतो. एक म्हणजे रेड सी रीफरसारखा तयार टँक, ज्यात कॅबिनेट, ओव्हरफ्लो (दातऱ्या कडेवरून जास्तीचं पाणी ज्यात पडतं आणि खाली जातं तो कप्पा), पाइप आणि संप एकमेकांच्या मापाने आलेले असतात. दुसरा म्हणजे टँक बनवणाऱ्या कारागिराकडून ऑर्डर देऊन करून घेतलेला. दुसरा बराच स्वस्त पडतो, पण मापं तुम्ही द्यायची असतात. नाही दिलीत तर कारागीर गोड्या पाण्याच्या टँकला करतो तसाच संप करून देतो: तीन सारखे कप्पे, मधे दोन पट्ट्या, झालं. इथे लिहिलंय ते मुख्यतः या दुसऱ्या सेटबद्दल. (संप म्हटल्यावर आपल्याकडे आधी गिरण्या आठवतात, हे खरं. पाइपात गोगलगाय अडकली की हाही संप काम बंद करतो.)

संप विकताना पहिला मुद्दा नेहमी एकच असतो: पाणी वाढतं, म्हणून टँक स्थिर राहतो. मोठ्या टँकला हे लागू पडतं. दोन फुटीत आकडे मांडून बघा. टँकचं बाहेरचं माप १२१ लिटर. वरची रिकामी जागा, दगड आणि वाळू वजा जाता खरं पाणी ९५ ते १०० लिटर. खाली ४५ बाय ३० बाय ३५ सेंमीचा संप बसतो आणि त्यात २० सेंमी पाणी ठेवलं तर २७ लिटरची भर पडते. मासे तेवढेच, खाणं तेवढंच. आठवड्याला नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) ५ ने वाढत असेल तर ते ४ ने वाढेल. फरक आहे, पण तो आठवड्याला दोन लिटर जास्त पाणी बदलूनही पडतो. केवळ पाणी वाढवायला संप घेऊ नये.

शिवाय आपल्याकडच्या टँकमध्ये असतं काय तेही बघायला हवं. रीफ बांधणारी सगळी कडक प्रवाळं, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गटातली, भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे अ‍ॅक्रोपोरा या कडक प्रवाळासाठी नायट्रेट दोनच्या खाली आणि फॉस्फेट शून्यालगत ठेवायची धडपड इथे मुळात गैरलागू आहे. राहतात ती झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया अशी मऊ मंडळी. त्यांना नायट्रेट ५ ते १५ असलं तरी काही होत नाही, उलट फार स्वच्छ पाण्यात झोअँथिड आक्रसतात. क्लाउनफिशची जोडी आणि एखादा गोबी एवढ्या वस्तीला स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) लागतोच असं नाही. आणि स्किमर नको म्हटल्यावर संपाची निम्मी गरज तिथेच संपते.

मग संपाने नेमकं काय साधतं? तीन गोष्टी, आणि त्या खऱ्या आहेत. ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांवरून पाणी पडतं तेव्हा पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा त्याच्याबरोबर खाली जातो, लाइट आत नीट पोचतो आणि प्राणवायू चांगला मिसळतो. दुसरं, पाणी कितीही उडालं तरी वरच्या टँकची पातळी जराही हलत नाही, जी काय खालीवर होते ती संपात. तिसरं, हीटर, स्किमर, कार्बनची पिशवी, एटीओचा (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणाऱ्या यंत्राचा) सेन्सर हे सगळं नजरेआड जातं. यातली पहिली गोष्ट सीकेम टायडलसारखा, पृष्ठभागावरचं पाणी ओढणारा लटकता फिल्टरही करतो. दुसरी आणि तिसरी मात्र संपाशिवाय इतकी नीट होत नाही.

आता मूळ प्रश्न: लाइट गेली की पाणी कुठे जातं?

टँकचा पृष्ठभाग ६० बाय ४५, म्हणजे २७०० चौरस सेंमी. पातळी एक सेंटीमीटर उतरली की २.७ लिटर पाणी खाली येतं. हा एक आकडा पाठ असला की बाकीचा हिशेब आपोआप सुटतो. पंप चालू असताना पाणी दातऱ्यांच्या तळापासून साधारण दीड सेंमी वर उभं असतं. पंप थांबला की ते दीड सेंमी, म्हणजे ४ लिटर, खाली. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांतलं ३ लिटर, तेही खाली. एवढ्यावर थांबलं तर उत्तम. पण रिटर्नचं (संपातून पाणी वर आणणाऱ्या पाइपाचं) तोंड पाण्याखाली असतं आणि पंप बंद पडल्यावर तेच उलटा सायफन होऊन टँक ओढायला लागतं, तोंड उघडं पडेपर्यंत. तोंड पातळीपासून ५ सेंमी खोल असेल तर आणखी ३.५ सेंमी, म्हणजे साडेनऊ लिटर. एकूण साडेसोळा. संपाचा तळ १३५० चौरस सेंमी आणि वर १५ सेंमी मोकळी जागा, म्हणजे २० लिटर मावतात. स्किमर आणि पंपाने अडवलेली जागा वजा केली तरी जेमतेम निभावतं.

हेच तोंड दिसायला बरं म्हणून १० सेंमी खोल नेलं तर उतरणारं पाणी ३० लिटर होतं. दहा लिटर मिठाचं पाणी प्लायवुडच्या कॅबिनेटमधून फरशीवर, तेही बहुधा रात्री.

उपाय साधा आहे. रिटर्नचं तोंड पातळीखाली २ सेंमीपेक्षा जास्त नेऊ नका. शिवाय पाइपला पृष्ठभागाच्या किंचित खाली ४ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. या भोकावर गुलाबी कोरलाइन शैवालाचा थर चढतो, म्हणून महिन्याला टूथपिक फिरवावी लागते. चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नये. त्याच्या पडद्यावर चुन्याची पुटं चढतात आणि सहा महिन्यांत तो अर्धवट बंद व्हायला लागतो. नेमका त्याच दिवशी लाइट जाते.

उलट बाजूचा अपघात कमी लोकांच्या लक्षात येतो. ड्रेन (टँकमधून संपात उतरणारा पाइप) तुंबला आणि पंप चालूच राहिला तर रिटर्नच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर चढतं. तो कप्पा १५ बाय ३० सेंमीचा आणि पाणी २० सेंमी, म्हणजे ९ लिटर. वर त्याची उंची ३.३ सेंमी होते. म्हणून चालू पातळीच्या वर काचेचा काठ किमान ४ सेंमी मोकळा हवा. इथपर्यंत ठीक. पण एटीओचा सेन्सर त्याच कप्प्यात बसलेला असतो. त्याला पाणी गेलेलं दिसतं, तो बाष्पीभवन समजतो आणि गोडं पाणी सोडत सुटतो. साठवणीचा डबा २५ लिटरचा असेल तर सगळा रिकामा करतो. डबा १० लिटरचाच ठेवा आणि एटीओ असा घ्या की जो ठराविक मिनिटांनी स्वतःहून बंद पडतो. १० लिटर गोडं पाणी १२० लिटरमध्ये गेलं तर क्षारता ३५ वरून ३२ च्या आसपास येते. क्लाउनफिश ते सोसतात, झेनिया मान टाकते, पण टँक वाचतो. २५ लिटर गेलं तर आकडा २९ च्याही खाली.

याच कारणाने सायफनवर चालणारे लटकते ओव्हरफ्लो इथे नाकारले आहेत. त्यातल्या उलट्या यू-नळीत बुडबुडे साठतात. मोठ्या टँकमध्ये जोराचा प्रवाह ते वाहून नेतो. दोन फुटीत तासाला चारशे लिटरच वाहतात, तेवढ्याने बुडबुडे हलत नाहीत. एक दिवस सायफन आवाज न करता तुटतो आणि पंप आपला पाणी वर टाकतच राहतो.

संपातून किती पाणी फिरवायचं? खऱ्या पाण्याच्या तीन ते पाच पट, म्हणजे तासाला ४०० लिटर धरा. प्रवाळांना लागणारा झोत वेव्हमेकर (टँकमध्येच बसणारा, पाणी ढकलणारा पंखा) देतो, तो रिटर्न पंपाने द्यायचा नसतो. कॅबिनेटखालून पाणी सव्वा मीटर चढवायचं असल्याने खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. खोक्यावर तासाला १२०० ते १५०० लिटर आणि कमाल उंची दोन मीटर लिहिलेला पंप त्या उंचीवर, एल्बो धरून, निम्म्याच्याही खाली येतो, आणि तेवढंच हवं असतं. ३००० लिटरचा घेऊन नळ आवळून चालवणं म्हणजे वीज, उष्णता आणि आवाज तिन्ही विकत घेणं.

ड्रेनबद्दल थोडं वेगळं मत. इंटरनेटवर सगळे हर्बी पद्धत सुचवतात: एक पाइप पूर्ण सायफनवर, त्याला नळ, आणि शेजारी कोरडा राखीव पाइप. मोठ्या टँकला ती उत्तमच. पण एक इंची पाइपातून तासाला ४००-५०० लिटरच न्यायचे असतील तर नळ इतका आवळावा लागतो की आत उघडी फट पेन्सिलीएवढी उरते. एक नेराइट गोगलगाय किंवा शैवालाचा झुपका पुरतो. लहान टँकला एक इंची ड्युर्सो बरा: वर टी, टीच्या झाकणाला हवेचं भोक, नळ नाहीच. एवढ्या कमी प्रवाहाला तो फारसा खळखळत नाही. थोडा गडगडाट राहिला तर झाकणाचं भोक अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने वाढवत न्यावं. शेजारी तेवढ्याच जाडीचा राखीव पाइप, तोंड दोन-तीन सेंमी उंच, त्याला कुठलाही नळ नाही. ओव्हरफ्लोच्या दातऱ्यांमधली फट ६ मिलिमीटरच्या वर नको.

तरीही हर्बीच करायचा असेल तर मुख्य पाइपचं खालचं टोक संपाच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. जास्त बुडालं तर पाइपातली हवा बाहेर पडत नाही आणि लाइट आल्यावर सायफन धरतच नाही.

सामानाच्या दुकानात जाताना शब्द माहीत हवेत. परदेशी व्हिडिओंत ज्याला बल्कहेड म्हणतात तो आपल्याकडे टँक निपल म्हणून मिळतो, पाण्याच्या टाकीला लावतात तोच, फक्त संपूर्ण प्लॅस्टिकचा हवा. आधी निपल विकत घ्या, त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा आणि मग भोक पाडायला द्या. एक इंची निपलला साधारण ४५ मिलिमीटरचं भोक लागतं, पण दर कंपनीचं माप वेगळं. भोकाची कड काचेच्या कडेपासून किमान भोकाच्या व्यासाएवढी दूर ठेवा. काच टफन केलेली असेल तर भोक पाडताच तिचा चुरा होतो. तयार टँकचा तळ बरेचदा टफन असतो, म्हणून भोकं मागच्या काचेत घ्यावीत. रबरी वायसर निपलच्या रुंद कडेच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला. हाताने आवळून वर पाव फेरा. वायसरला सिलिकॉन लावू नये, तो घसरतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

दुकानात नुसता गेट व्हॉल्व्ह मागितला की पितळी पुढे येतो. पितळात तांबं असतं आणि तांबं प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांच्या मुळावर येतं. नळ यूपीव्हीसीचाच. सिलिकॉन बाथरूमचा नको, त्यात बुरशीनाशक असतं. व्हिनेगरचा वास येणारा साधा अ‍ॅक्वेरियमचा घ्या. पाइपांचं सोल्युशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या. दोन्ही ड्रेनना आणि रिटर्नला संपाच्या वर एकेक युनियन (हाताने सोडता येणारा जोड) टाका, नाहीतर धुवायला संप बाहेर काढताना करवत घ्यावी लागते.

संपाचे कप्पे करताना कारागीर रिटर्नचा कप्पा सगळ्यात लहान करतो. हा सेटमधला सगळ्यात वाईट दोष. वरून रोज दोन लिटर पाणी उडतं, पण पातळी उतरते ती फक्त या कप्प्यातली. १५ बाय ३० च्या कप्प्यात दोन लिटर म्हणजे ४.४ सेंमी. १० बाय ३० चा असेल तर ६.७ सेंमी, आणि दुसऱ्या दिवशी पंप हवा ओढून टँकभर बारीक बुडबुडे सोडतो. संपाशिवाय तेच दोन लिटर टँकमध्ये पाऊण सेंमीसुद्धा दिसत नाहीत. थोडक्यात, संप घेतला की एटीओ घ्यावाच लागतो, तो ऐच्छिक राहत नाही. किमतीची तुलना करताना हा धरा. फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) असला तर २०० मायक्रॉनचा, तीन-चार दिवसांनी बदलायचा, न बदलल्यास नायट्रेटचा कारखाना. शैवालाचा रेफ्युजियम (नायट्रेट खायला शैवाल वाढवायचा कप्पा) एवढ्या संपात करू नये. दहा-बारा सेंमीच्या कप्प्यातला चिटोमॉर्फाचा गोळा काही खास खात नाही आणि त्याचे धागे पंपात जातात.

उष्णता हा आपल्या हवेतला मोठा प्रश्न. रिटर्न २० वॅट आणि स्किमर १० वॅट धरले तर ३० वॅट चोवीस तास पाण्यात जिरतात. महिन्याला साडेएकवीस युनिट वीज होते, ते सोडा. एक लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं आणि ३० वॅट दिवसभरात २६०० किलोज्यूल देतात. म्हणजे या दोन पंपांची उष्णता काढायलाच रोज एक लिटर जास्त पाणी उडायला हवं. पुण्यात किंवा नागपुरात कोरड्या उन्हाळ्यात संपावर छोटा पंखा लावला की ते सहज होतं. तिथे संप फायद्याचा ठरतो, कारण पंखा आणि त्याचा वारा खाली लपतो. मुंबईत किंवा कोकणात जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, पंखा नुसता फिरतो. तिथे चिलर किंवा खोलीला एसी. कॅबिनेटची मागची फळी पूर्ण बंद ठेवली असेल तर वाफ आतच कोंडते, प्लाय फुगतो आणि पंख्याचा काही उपयोग उरत नाही. मागे मोठी खिडकी कापून घ्या.

कॅबिनेटला आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा, साधा कमर्शियल नको. बाहेरून ६० सेंमी रुंद, १८ मिलिमीटरच्या दोन बाजू गेल्या की आत ५६. संप ४५, उरले ११. त्यात १० बाय ३० बाय ३५ चा, साडेदहा लिटरचा एटीओचा डबा उभा राहतो, बोटभर जागा उरते. संप दारातून आत जातो ना हे कॅबिनेट बनायच्या आधी बघा. चौकटीची पट्टी आडवी आली की ४५ चा संप ४० च्या दारात अडतो. संपाच्या वर २५ सेंमी मोकळे हवेत, नाहीतर स्किमरचा पेला काढता येत नाही. जो पेला काढायला त्रास, तो धुतला जात नाही. विजेचा बोर्ड संपाच्या वर कधीच नको, बाजूच्या फळीवर उंच, वायरींना खाली झोळ देऊन, आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच).

इन्व्हर्टरवर रिटर्न पंप टाकायची गरज नाही. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर साधे एसी पंप घोंघावतात आणि तापतात. बॅकअपला फक्त वेव्हमेकर ठेवा, प्राणवायूला तो पुरेसा आहे.

तर कुणी घ्यावा? नवा टँक करताय, कोरड्या हवेच्या शहरात आहात, तीनपेक्षा जास्त मासे ठेवायचे आहेत म्हणून स्किमर लागणारच आहे, आणि एटीओचे पैसे बाजूला काढले आहेत: जरूर घ्या. मऊ प्रवाळं, मासे दोन, भाड्याचं घर, दर दोन वर्षांनी बदली: लटकता फिल्टर, साधा एटीओ, आठवड्याला दहा लिटर पाणी बदल. यावर झोअँथिडचे गालिचे वर्षानुवर्षं वाढतात.

घेतलात तर दगड-मीठ घालण्याआधी गच्चीत किंवा बाथरूमजवळ नुसत्या नळाच्या पाण्यावर दोन दिवस चालवा. पंप बंद करून पाणी उतरू द्या, किती चढलं ते बघा. पुन्हा चालू करा, ड्रेन आपोआप धरतो का बघा. असं लागोपाठ दहा वेळा. मग मुख्य ड्रेनमध्ये चिंधी कोंबून राखीव पाइप एकटा सगळं पाणी नेतो का ते तपासा. शेवटी दोन्ही बंद करून वरचा काठ पुरतो का ते. संपाचं पाणी न सांडता पंप बंद होऊ शकेल ती चालू असतानाची सगळ्यात वरची पातळी बाहेरून पर्मनंट मार्करने आखा आणि बाजूला ‘कमाल’ लिहा, कारण चार महिन्यांनी घरातलं दुसरं कुणीतरी संपात पाणी कमी दिसतंय म्हणून बादली ओतणार आहे.